उसना धीर : एक ते तीन वर्षांचं मूल घाबरतं तेव्हा

माझी लेक दीड वर्षाची असताना मिक्सरला घाबरायची. नुसती दचकायची नाही. मिक्सरचं भांडं कपाटातून बाहेर निघालं, की हातातलं खेळणं टाकून धावत यायची, माझ्या पायांना मिठी मारायची आणि गुडघ्यांत तोंड खुपसून अंग आखडून उभी राहायची. बटण अजून दाबलेलंही नसायचं. आता आवाज होणार, हे तिला भांडं बघूनच कळायचं आणि तेवढ्यानं चेहरा रडवेला व्हायचा.

मी तेव्हा तिला काय काय सांगितलं! ‘काही नाही गं, आवाज आहे नुसता.’ ‘बघ, आई घाबरते का?’ एकदा वैतागून ‘एवढी मोठी झालीस आणि मिक्सरला घाबरतेस?’ असंही म्हणाले. यातल्या कशाचाही काडीचा उपयोग झाला नाही आणि शेवटच्या वाक्याचं मला आजही वाईट वाटतं. पुढे या वयातल्या भीतीबद्दल बरंच वाचलं, जाणत्यांना विचारलं. तेव्हा कुणी सांगायला हवं होतं असं वाटलं, ते इथे लिहिते आहे.

आवाज सुरू असताना रडणं ही भीती. आवाज सुरू होण्याआधीच, भांडं बघून जीव टांगणीला लागणं ही धास्ती. मोठ्या माणसाच्या बाबतीत आपण तिलाच चिंता म्हणतो. चिंता म्हटलं की डोळ्यांसमोर नोकरी, पैसा, आजारपण येतं, त्यामुळे दीड वर्षाच्या जिवाला कसली आली चिंता, असं वाटून जातं. पण चिंतेला एवढं मोठं कारण लागत नाही. काल काय घडलं ते आठवणं आणि आज ते पुन्हा घडेल असा अंदाज बांधणं, एवढ्या दोन गोष्टी जमल्या की झालं. पहिल्या वाढदिवसाच्या आगेमागे मुलांना त्या जमू लागलेल्या असतात. मूल घाबरट होत चाललंय असं आपल्याला वाटतं, तेव्हा बरेचदा ते हुशार होत चाललेलं असतं.

मेंदूत खोलवर, दोन्ही बाजूंना, बदामाच्या आकाराचा एकेक भाग असतो. त्याला अमिग्डला म्हणतात. धोक्याची घंटा वाजवणं हे त्याचं एक मुख्य काम. घंटा वाजली की अॅड्रेनालिन रक्तात उतरतं, छाती धडधडते, श्वास भरभर होतो, अंग ताठतं, पोटात कालवाकालव होते. हे सगळं तान्ह्या वयातही बऱ्यापैकी चालतं. ‘थांब, हा मिक्सर आहे, वाघ नाही’ असं सांगून घंटा बंद करणारा भाग मात्र कपाळाच्या मागे असतो आणि त्याची वाढ पंचविशीपर्यंत सुरू राहते. म्हणजे दोन वर्षांच्या मुलाकडे घंटा आहे, पण ती बंद करणारा हात अजून तिथवर पोचत नाही. ‘शांत हो बघू’ हे आपण कितीही मायेनं म्हटलं, तरी मुलाकडे अजून नसलेलंच त्याच्याकडे मागत असतो.

मग मूल शांत होतं कसं? जवळच्या माणसाच्या जिवावर. अंगाची ऊब, पाठीवरचा हात, खालच्या पट्टीतला आवाज, संथ चाललेला श्वास, यांवर मुलाचं शरीर हळूहळू स्वतःला जुळवून घेतं. धडधड कमी होते, आखडलेले खांदे खाली येतात, आणि एक खोल, हुंदक्यासारखा उसासा बाहेर पडतो. तो उसासा ऐकला की समजावं, घंटा थांबली. हा धीर उसना असतो. पण या उधारीची भीती बाळगू नये. जे मूल हा धीर शेकडो वेळा उसना घेतं, त्याच्याकडे हळूहळू स्वतःचा साठा होतो. ‘सारखं जवळ घेतलंस तर लाडावेल’ असं सांगणाऱ्यांशी या एका मुद्द्यावर मी आता वाद घालते.

मूल आपल्याकडून धीर किती नेमका उचलतं, हे १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात दिसलं. मोठ्या टेबलावर जाड काच. अर्ध्या भागात काचेला चिकटून चौकड्यांचा पृष्ठभाग, पुढच्या अर्ध्यात तोच पृष्ठभाग सुमारे ३० सेंटिमीटर खाली. वरून रांगत येणाऱ्या मुलाला पुढे जमीन एकदम खाली गेल्यासारखी दिसते. एक वर्षाची मुलं त्या कडेपाशी येऊन थांबली आणि त्यांनी पलीकडे उभ्या असलेल्या आईच्या तोंडाकडे बघितलं. आयांनी बोलायचं नव्हतं, फक्त चेहऱ्यावर ठरलेला भाव आणायचा होता. ज्या १९ मुलांना आईचा चेहरा आनंदी दिसला, त्यांतली १४ काचेवरून पलीकडे गेली. ज्या १७ मुलांना आईच्या चेहऱ्यावर भीती दिसली, त्यांतलं एकही गेलं नाही.

हे वाचून मला आधी दडपणच आलं. म्हणजे आता आपण घाबरायचंही नाही? तसं नाही. वीज कडाडली की मी अजून दचकते, आणि ते मुलापासून लपत नाही. लपवायला गेलं की चेहरा एक सांगतो आणि शब्द दुसरं, त्यानं मूल आणखी कावरंबावरं होतं. त्यापेक्षा ‘बाप रे, केवढा आवाज! आई दचकली. आता थांबला. आता बरं वाटतंय’ असं मोठ्यानं म्हणून सावरलेलं बरं. न घाबरणारा माणूस बघून मूल फारसं शिकत नाही, कारण ते स्वतः तसं नसतं. घाबरून सावरणारा माणूस त्याच्या उपयोगी पडतो.

कोणत्या वयाला कशाची भीती

आठव्या महिन्याच्या आसपास अनोळखी चेहरे खुपू लागतात. कालपर्यंत सगळ्यांकडे जाणारं बाळ आज नुसतं कुणी जवळ आलं तरी भोकाड पसरतं. त्याच सुमाराला आणखी एक बदल होतो. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी तो बारकाईनं टिपला. डोळ्यांआड गेलेली वस्तू संपत नाही, कुठेतरी असते, हे बाळाला उमगू लागतं. मग आई दाराआड गेली की ती कुठेतरी आहे हे कळतं, पण परत येणार हे अजून कळत नाही. मधल्या या अर्धवट ज्ञानानं दूर होण्याची धास्ती तयार होते. साधारण दहा ते अठरा महिन्यांत ती सगळ्यात तीव्र असते आणि तिसऱ्या वर्षापर्यंत बहुतेक मुलांमध्ये ओसरते. बुवा-कूकचा खेळ या वयात मुलांना इतका का आवडतो, ते यावरून लक्षात येईल. गेलेला चेहरा परत येतो, हे त्यात पुन्हा पुन्हा, हसत हसत अनुभवायला मिळतं.

दीड-दोन वर्षांच्या आसपास मोठे आवाज, फ्लश, केस कापणं, डॉक्टर यांची पाळी येते. टबमधलं पाणी गोल फिरत भोकात जाताना बघून काही मुलं किंचाळतात. आपण हसतो. पण त्या वयात आपण केवढे आणि भोक केवढं याचा हिशेब पक्का झालेला नसतो. पाणी जाऊ शकतं तर मी का नाही, ही शंका त्यांच्या बाजूनं अगदी रास्त आहे. टब रिकामा करण्याआधी मुलाला बाहेर घेऊन अंग पुसावं, मग बूच काढावं. एवढ्यावर भागतं.

अडीच-तीनला कल्पनाशक्ती फुलते आणि तिच्याबरोबर अंधार येतो, पलंगाखाली कुणीतरी राहायला येतं, मुखवटा घातलेलं माणूस नको वाटतं. खरं आणि मनातलं यांतली सीमारेषा या वयात पुसट असते. म्हणूनच ‘झोपत नाहीस, थांब, बागुलबुवाला बोलावते’ किंवा ‘डॉक्टरांना सुई टोचायला सांगू का?’ हे मोठ्यांचं हत्यार मला अगदी वाईट वाटतं. मूल त्या क्षणी ऐकतं, हे खरं. पण तो बुवा रात्री आपण दिवा मालवून गेल्यावरही खोलीतच थांबतो, आणि डॉक्टरांकडे खरंच जावं लागतं तेव्हा आपणच पेरलेलं उगवतं.

ओळखायची कशी

‘मला धास्ती वाटते’ असं दोन वर्षांचं मूल म्हणत नाही. त्याच्याकडे तेवढे शब्द नसतात, म्हणून शरीर बोलतं. ते चिकटून बसतं, झोपेतून सारखं उठतं, शी धरून ठेवतं, सुटलेली सवय पुन्हा धरतं, खाताना तोंड फिरवतं. आणि बऱ्याचदा धास्ती हट्टाचं किंवा रागाचं सोंग घेऊन येते, तिथे आपली गफलत होते. गर्दीच्या घरात पाऊल ठेवल्या ठेवल्या समोरच्या मुलाला ढकलणारं मूल मारकुटं असेलच असं नाही. कदाचित पन्नास आवाज आणि वीस अनोळखी गुडघे एकदम अंगावर आल्यानं ते गांगरलेलं असेल. दोन्ही वेळा ढकलणं थांबवायचंच असतं, पण पुढे करायचं काम वेगळं असतं. एकाला मर्यादा शिकवायची, दुसऱ्याला आधी कडेवर घ्यायचं.

फरक कळत नसेल तर एक आठवडा कागदावर टिपून ठेवावं : काय झालं, त्याआधी काय चाललं होतं, तेव्हा भूक किंवा झोप राहिली होती का. मी हे केलं तेव्हा आमच्याकडचे निम्मे ‘हट्ट’ एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे जाण्याच्या क्षणी होताना दिसले. काम चालू असताना काही नसायचं, बदलताना व्हायचं. मग बदलाआधी सूचना द्यायला लागलो. ‘अजून दोनदा घसरगुंडी, मग घरी’ हे तिला कळायचं. ‘पाच मिनिटांत निघायचं’ हे कळत नव्हतं, कारण पाच मिनिटं म्हणजे काय, हे त्या वयात कुणालाच माहीत नसतं.

ससा आणि अंतर

भीती घालवायचे दोन मार्ग सगळ्यांना आपोआप सुचतात. एक म्हणजे ढकलणं : ‘एकदा पाण्यात टाकलं की जाईल भीती.’ दुसरा म्हणजे टाळणं. मी दुसऱ्या गटातली. लेक झोपली की मिक्सर लावायचे, नाहीतर तिला कुणी बाहेर घेऊन जायचं. घरात शांतता नांदायची, पण भीती जिथल्या तिथे. उलट थोडी वाढलीच, कारण मिक्सरपासून आपल्याला पळवून न्यावं लागतं म्हणजे तो खरंच भयंकर असणार, असा निष्कर्ष मूल काढतं.

या दोन्हींच्या मधली वाट शंभर वर्षांपूर्वी एका अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिली. मेरी कव्हर जोन्स त्यांचं नाव. १९२४ साली त्यांनी पीटर नावाच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. सुरुवात झाली तेव्हा तो दोन वर्षं दहा महिन्यांचा होता. पांढरा उंदीर, ससा, फरचा कोट, पीस, कापूस या सगळ्यांना घाबरायचा आणि सशाला सगळ्यात जास्त. जोन्सबाईंनी त्याला सशाबद्दल प्रवचन दिलं नाही. सशाला न घाबरणाऱ्या मुलांबरोबर त्याला खेळायला ठेवलं. पुढे त्याला उंच खुर्चीत बसवून आवडीचं खायला द्यायचं आणि तो खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीत आणायचा, पण कितपत जवळ? खाणं थांबणार नाही इतपतच. आधी खोलीत ससा कुठेही दिसला तरी त्याला सोसत नव्हतं. मग बारा फुटांवर चालला, मग चार फुटांवर, मग तीन, मग पिंजरा शेजारी. मग ससा मोकळा. मग दुसऱ्या कुणीतरी धरलेल्या सशाला बोट लावणं. शेवटी पीटर सशाला मांडीवर घेत होता आणि त्याला आपली बोटं कुरतडू देत होता.

मला यातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो तो मधला, जिथे सगळं बिघडलं. प्रगती चाललेली असताना पीटरला तापाचा आजार झाला, दोन महिने दवाखान्यात काढावे लागले, आणि तिथून बाहेर पडताना एक मोठा कुत्रा अंगावर आला. भीती पहिल्या जागेवर परत आली. जोन्सबाईंनी पुन्हा सुरुवात केली, आणि खाण्याची ती युक्ती त्यांनी या दुसऱ्या खेपेलाच वापरली. घरी आपण नेमके इथेच हिरमुसतो. ‘गेल्या आठवड्यात तर नीट होतं, पुन्हा का?’ आजार, दात, नवं भावंड, घर बदलणं, जागरण, यांतलं काहीही झालं की जमलेली पायरी निसटते. निसटली की दोन पायऱ्या खाली यायचं आणि तिथून चढायचं.

त्याच वर्षी जोन्सबाईंनी मुलांची भीती घालवायच्या वेगवेगळ्या रीतीही तपासल्या होत्या. नुसतं समजावून सांगणं फारसं कामी आलं नाही. इतर मुलांनी हसणं, चिडवणं कामी आलं नाही. हळूहळू जवळ जाणं आणि न घाबरणाऱ्यांना बघणं, या दोन गोष्टींचा खरा उपयोग झाला.

आम्ही मिक्सरचा ससा केला. पहिले काही दिवस भांडं नुसतं जमिनीवर, खेळण्यांमध्ये. तिनं झाकण काढलं, घातलं, त्यात ठोकळे टाकले. नंतर मिक्सर ओट्यावर, वायर काढलेला. बटण ती फिरवणार आणि ‘घर्रऽऽ’ हा आवाज मी तोंडानं काढणार. हे तिला इतकं आवडलं की माझा घसा बसला. मग बाबांच्या कडेवर बसून दाराबाहेरून खराखुरा आवाज, एक सेकंद. ‘एक, दोन, तीन, घर्र, संपला.’ तिनं कान झाकायचे आणि ‘आता’ असं तिनं म्हटल्यावरच बटण दाबायचं. मला वाटतं खरा फरक इथे पडला, कारण आवाज आता तिच्या हातात आला. एके दिवशी ती मान हलवून ‘नको’ म्हणाली, त्या दिवशी आम्ही थांबलो. सगळं मिळून महिना-सव्वा महिना गेला. या वयाला हा वेग चांगला म्हणायचा.

आणि हो, हे सगळं मूल शांत असताना करायचं. घंटा वाजत असताना शिकवणी नाही. तेव्हा आपण खाली बसायचं, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर यायचं, थोडं बोलायचं आणि हळू बोलायचं. ‘दीर्घ श्वास घे’ हे दोन वर्षांच्या मुलाला जमत नाही, पण फुंकर जमते. साबणाचा फुगा, पीस, आपला तळहात, कशावरही फुंकर. फुंकर मारताना श्वास आपोआप लांबून बाहेर जातो, आणि लांब उच्छ्वासानं धडधड उतरायला मदत होते.

शब्द द्यायचे ते त्याच्या मापाचे. ‘आवाज मोठा. भीती वाटली. आई इथे आहे.’ एवढं पुरतं. ‘घाबरू नकोस’पेक्षा ‘भीती वाटली ना’ हे बरं. पहिल्यात चूक केल्यासारखं वाटतं, दुसऱ्यात कुणीतरी सोबत आल्यासारखं. ‘का घाबरलास?’ हा प्रश्न मात्र विचारू नये. त्याचं उत्तर त्याच्याकडे नसतं.

निरोप

आता माझी चूक. लेकीला पाळणाघरात ठेवायला लागले त्याचा तिसरा दिवस. ती ठोकळ्यांत रमली होती. तिथल्या बाई अगदी भल्या मनानं म्हणाल्या, ‘खेळतेय तोवर हळूच सटका, रडणार नाही.’ मी सटकले. माझ्यासमोर ती रडली नाही, हे खरं. पण त्यानंतर कितीतरी आठवडे ती मला बाथरूमला एकटीला जाऊ देईना. घरात खेळताना दर दोन मिनिटांनी मान वर करून मी आहे का ते बघायची. तिच्या बाजूनं हिशेब सरळ होता : आपलं लक्ष खेळण्यात गेलं की आई नाहीशी होते. मग खेळायचं कुणाच्या भरवशावर? तिनं पहारा सुरू केला.

रडणं दिसलं नाही म्हणजे दुःख झालं नाही, हा गैरसमज जुना आहे आणि एके काळी तो फार महागात पडला होता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटनमधल्या अनेक रुग्णालयांत लहान मुलांना आईवडिलांनी भेटायच्या वेळा अगदी तुटपुंज्या असत. कारण असं दिलं जाई की आई येऊन गेली की मूल रडतं, आली नाही तर ‘रुळतं’. जेम्स रॉबर्टसन हे लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये जॉन बोल्बी या मानसोपचारतज्ज्ञांसोबत काम करत होते. १९५२ साली त्यांनी आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या दोन वर्षांच्या एका मुलीचं चित्रीकरण लोकांपुढे आणलं. मुलगी फारशी रडत नव्हती. पण तिचा चेहरा बघणाऱ्याला कळत होतं की ही रुळलेली नाही, मिटलेली आहे. रॉबर्टसन आणि बोल्बी यांनी त्यातले टप्पे सांगितले : आधी आकांत, मग हताशपणा, मग माणसांपासून तुटणं. १९५९ साली सर हॅरी प्लॅट यांच्या समितीनं पालकांना हवं तेव्हा भेटू द्यावं आणि लहान मुलाबरोबर आईला राहू द्यावं अशी शिफारस केली. ती गोष्ट दिवसचे दिवस ताटातुटीची होती. चांगल्या माणसाकडे काही तास राहणं तसं नसतं, म्हणून पाळणाघरात मूल ठेवणाऱ्या कुणीही यावरून जिवाला लावून घेऊ नये. घ्यायचं ते एवढंच की दारातलं रडणं हा बिघाड नव्हे. आपलं माणूस जाताना रडू येणं हे नातं नीट जुळल्याचं लक्षण आहे. सांभाळणाऱ्या माणसाच्या कुशीत ते रडणं विरघळत असेल आणि थोड्या वेळानं मूल खेळत असेल, तर सगळं ठीक चाललंय.

मग मी सांगून निघायला लागले. रोज तेच : दोन पाप्या, एक टाळी, ‘आई जाते, झोप झाली की आई येते’, आणि बाहेर. ‘पाच वाजता’ म्हणून उपयोग नाही, ‘झोप झाल्यावर’ हे कळतं. सांगितल्यावर रेंगाळायचं नाही. दारात पुन्हा पुन्हा वळून पाहणारी आई म्हणजे त्या काचेच्या टेबलापलीकडचा घाबरलेला चेहरा. आणि म्हटलंय तेव्हा परत यायचं. दुसऱ्या आठवड्यात रडणं कमी झालं, पण पहारा उठायला त्याहून जास्त दिवस गेले. एकदा गेलेला विश्वास असा सावकाशच परत येतो.

तिच्यासोबत माझी एक जुनी ओढणी जायची. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डॉनल्ड विनिकॉट यांनी अशा चादरी-बाहुल्यांचं महत्त्व १९५०च्या दशकातच मांडलं होतं : आई आणि बाहेरचं जग यांच्यामधला तो पूल असतो. ही वस्तू हिसकावू नये, तिच्यावरून हसू नये आणि शक्यतो फार धुऊही नये, कारण अर्धा धीर तिच्या वासात असतो.

काही मुलं जन्मतःच जास्त बुजरी असतात, हेही सांगायला हवं. हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी अशा मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. नव्या गोष्टीपुढे थबकणारी, आईला बिलगणारी ही मुलं साधारण १५ ते २० टक्के असतात, आणि त्यांतली बरीचशी पुढे तितकी बुजरी राहत नाहीत. त्यांना कुठेही पाच-दहा मिनिटं आधी, गर्दी होण्यापूर्वी नेलं तर खूप सोपं जातं. आणि त्यांच्यासमोर ‘आमचा फार लाजाळू आहे हो’ असं म्हणू नये. ‘त्याला आधी बघायला आवडतं’ म्हणावं.

झोपेचं थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शनानुसार एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवसाची झोप धरून ११ ते १४ तास लागतात, तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३. झोप अपुरी राहिली की घंटा जास्त सहज वाजते. मोबाइलनं रडणं पटकन थांबतं, पण तेव्हा मूल शांत झालेलं नसतं, गुंतलेलं असतं. हातातून मोबाइल काढला की कळतंच.

डॉक्टरांना कधी विचारायचं

धास्तीनं मुलाचं खाणं, झोप, खेळ किंवा बाहेर जाणं अडू लागलं आणि चार आठवडे होऊनही उतार पडला नाही, तर बालरोगतज्ज्ञांना भेटावं. धीर दिला, जवळ घेतलं, तरी मूल अजिबात निवत नसेल, वजन वाढत नसेल, एखादा अपघात, आजारपण किंवा घरातली हिंसा यांनंतर धसका घेतला असेल, तर चार आठवडेही थांबू नये. येत असलेले शब्द बोलणं बंद झालं, हाकेला ओ देणं थांबलं, नजर टाळणं वाढलं, तर ती धास्ती असेल असं आपणच ठरवू नये. त्याची कारणं वेगळी असू शकतात आणि लवकर दाखवल्यानं फार फरक पडतो. या वयाच्या मुलावर उपचार म्हणजे बहुतांशी आईवडिलांना सोबत घेऊन, खेळातून केलेलं काम असतं. आणि आईला किंवा बाबांना स्वतःलाच सतत धडधडतं, झोप लागत नाही, असं असेल तर आधी त्यांनी स्वतःसाठी मदत घ्यावी. मुलाला उसना द्यायचा धीर आपल्यापाशी असावा लागतो.

लेक आता अडीच वर्षांची आहे. मिक्सर ती स्वतः लावायला मागते. परवा रात्री ढग गडगडले, खिडक्या थरथरल्या. ती अंथरुणात उठून बसली, ओठ वाकडे झाले. रडली नाही. अंधारात चाचपडत तिनं माझा हात शोधला, उचलला, स्वतःच्या पाठीवर नेऊन ठेवला आणि म्हणाली, ‘मोठा आवाज. आता थांबेल.’ मी काहीच बोलले नाही, हात तसाच ठेवला. पुढचा गडगडाट झाला तेव्हा तिनं एक फुंकर मारली.